यांजकडून सप्रेम भेट

परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या कागदांत एक वाक्य हमखास असतं. उभय पक्षांनी आपापल्या चीजवस्तू, दागिने व स्त्रीधन ताब्यात घेतलं असून आता कोणाचाही कोणाकडे काही दावा उरलेला नाही, अशा अर्थाचं. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात सह्या करण्यापूर्वी वकीलबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, “सगळं सामान गेलं ना?” आम्ही दोघं एका सुरात “हो” म्हणालो. इतक्या वर्षांच्या संसारात एका प्रश्नाला एका सुरात दिलेलं आमचं ते पहिलंच उत्तर, आणि तेही खोटं.

त्या घटकेला माझ्या मुलुंडच्या घरात त्याची ट्रेकची सॅक होती, डंबेलची जोडी होती, दिवाळी अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे होते, त्याच्या आजोबांचं गोदरेजचं कपाट होतं आणि तबला होता. नुसता तबला. डग्गा तो जाताना रिक्षात घालून घेऊन गेला होता. उजव्या हाताचा संसार माझ्याकडे आणि डाव्या हाताचा बोरिवलीला, अशी आमची वाटणी.

कायदा याबाबतीत अगदीच गाफील आहे असं नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमाखाली अर्ज केला की ६ महिने थांबायला लावतात, कोणाचा विचार बदलला तर बदलावा म्हणून. समेटाची आशाच नसेल तर हा काळ माफ करता येईल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं. आमचा झाला माफ. न होता तर बरं होतं असं मला आता वाटतं. विचार काही बदलले नसते, पण तबला-डग्गा तरी एका छपराखाली आले असते. त्याच कायद्याचं २७ वं कलम म्हणतं की लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास मिळालेल्या, नवरा-बायकोच्या सामाईक मालकीच्या वस्तूंचं काय करायचं ते न्यायालय ठरवू शकतं. म्हणजे वस्तूचे मालक फार तर दोन, हे कायद्याने धरूनच चाललेलं आहे. हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांनी मराठी लग्नातलं पातेलं कधी हातात घेऊन वाचलेलं नसावं.

आमच्याकडे भांडं वाचायचं असतं. काठाखाली बारीक टिंबाटिंबांच्या अक्षरांत सगळा इतिहास असतो: लग्नाची तारीख, नवरानवरीची आद्याक्षरं, आणि मग जरा ठळकपणे देणाऱ्याचं पूर्ण नाव, ‘यांजकडून सप्रेम भेट’. मुलुंड असो, घाटकोपर असो, भांड्यांच्या दुकानातला पोऱ्या ते कर्रर्र वाजणारं यंत्र हातात घेऊन विचारतो, “नाव काय घालायचं?” तेव्हा कोणी नवरीचं नाव सांगत नाही, स्वतःचं सांगतं. त्यामुळे माझ्या ओट्यावर कुकर मावशीचा, परात त्याच्या आत्याची, पोह्यांचा डबा माझ्या बाबांच्या ऑफिसचा आणि झारा अशा कुणाचा तरी, जे लग्नानंतर आम्हाला पुन्हा कधी दिसलेच नाहीत. आम्ही दोघांनी मिळून, स्वतःच्या पैशाने, सामाईक म्हणावी अशी काय वस्तू घेतली होती ते शोधलं तेव्हा गॅसचा लायटर निघाला. तो वाटून घेण्यासारखा नव्हता.

सरकारचंही यावर लक्ष होतं. १९८५ साली हुंडाबंदी कायद्याखाली नियम निघाले: वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींची वेगवेगळी लेखी यादी ठेवायची, वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर ते, आणि खाली सह्या. दिल्लीत हे नियम कोणी कौतुकाने लिहिले असतील त्यांना माहीत नव्हतं की आमच्याकडे मांडवाच्या दाराशी एक काका आहेराची वही घेऊन हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतच होते. ‘आहेर आणू नये’ असं पत्रिकेत छापलं तरी काका बसतातच. फरक एवढाच की सरकारची यादी हुंड्यावर डोळा ठेवायला, आणि काकांची परतफेडीला. त्यांनी ५०१ दिले, आपण ५०१ द्यायचे. भाव वाढलेत म्हणून ७०१ द्यायचे. म्हणजे आहेर ही भेट नव्हेच, बिनव्याजी कर्ज आहे, आणि लग्न मोडलं म्हणून कर्ज माफ होत नाही. घटस्फोटाची बातमी कळल्यावर माझ्या मामीने मला पहिला प्रश्न विचारला तो “कशी आहेस?” नव्हता. तिने विचारलं, “त्याच्या चुलतबहिणीने तुला पैठणी दिली होती. आता तिच्या मुलीच्या मुंजीत… नाही, मुलाच्या मुंजीत, आपण काही द्यायचं का?” घरात यावर दोन बैठका झाल्या. त्या मानाने घटस्फोटावर एकच झाली होती.

याच १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्वच्छ सांगून टाकलं की स्त्रीधन बाईचंच. सासरच्या उंबऱ्याच्या आत आलं म्हणून ते सामाईक होत नाही, नवरा फक्त त्याचा सांभाळकर्ता. मनूने स्त्रीधनाचे ६ प्रकार सांगितले होते, न्यायालयाने त्याला फौजदारी दात बसवले. फार चांगलं झालं. पण हे सगळं नवऱ्याकडे अडकलेल्या बायकोच्या वस्तूंबद्दल. नवऱ्याच्या वस्तू बायकोकडे अडकल्या तर काय, यावर ना मनू बोलला ना न्यायमूर्ती. (मुंबईत पूर्वी याच्या उलटा खटला चालला होता. दादाजी भिकाजीने १८८४ साली वस्तू नव्हे, बायकोच परत मागितली. रखमाबाई जायला तयार नव्हत्या, तुरुंगात जाईन म्हणाल्या, आणि शेवटी १८८८ साली २,००० रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. पुढे रखमाबाई डॉक्टर झाल्या. माझ्या ताब्यातल्या सॅककडून मी एवढी अपेक्षा ठेवत नाही.)

मी वकीलबाईंना विचारलं तर त्यांनी १८७२ च्या करार कायद्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्याची वस्तू ठेव म्हणून आपल्याकडे असेल तर सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घ्यायची, असं १५१ वं कलम. “तुमच्या बाबतीत लागू होईलच असं नाही,” त्या म्हणाल्या, “पण घ्या काळजी.” मी म्हटलं, इतकी काळजी त्याने स्वतः कधी घेतली नव्हती. डंबेलवर आता धूळ बसली तर मला इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आठवतो.

“घेऊन जा ना एकदा,” असं मी फोनवर सांगायची. तो म्हणायचा, “अगं, पझेशन मिळू दे, मग नेतो.” बोरिवलीतली त्यांची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली होती, आणि तो आईबरोबर त्याच भागात भाड्याच्या वन बीएचकेत राहत होता. पुनर्विकास म्हणजे काय ते उपनगरवाल्यांना सांगायला नको. तिथे ताबा ‘या दिवाळीत’ मिळतो, आणि दिवाळी दरवर्षी येते. म्हणजे त्याचं भाडं बिल्डर भरत होता, आणि त्याच्या कपाटाचं मी. मुलुंडमध्ये एका कपाटाखाली जेवढी फरशी जाते तेवढ्या फरशीचा महिन्याचा हप्ता मी एकदा काढून पाहिला आणि मग कॅल्क्युलेटर उलटा ठेवला.

मधलं अंतरही काही थोडंथोडकं नाही. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर शेजारी दिसतात, पण मधे १०० चौरस किलोमीटरच्या वर राष्ट्रीय उद्यान आणि त्यातले बिबटे. बोगदे व्हायचेत. तोवर घोडबंदरने वळसा घाला, नाहीतर पवईवरून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडला जाऊन आपल्या पूर्वसंचिताचा विचार करत बसा. वीज कंपनीसुद्धा वेगळी: इकडे महावितरण, तिकडे अदानी. एवढे सगळे योग असताना लग्न टिकलं तेवढं टिकलं, हेच नवल.

माझ्या मैत्रिणीचं त्या मानाने बरं. ती घाटकोपरची, तिचा माजी नवरा अंधेरीचा. पूर्वी ३४० नंबरच्या बसने जावं लागलं असतं. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि त्यांचा घटस्फोट सुटसुटीत झाला. मरोळ नाक्याला, गेटच्या आतच, तटस्थ भूमीवर दोघं भेटतात आणि पिशव्यांची अदलाबदल करून उलट दिशांच्या गाड्या पकडतात. मिक्सर गेला, इडलीपात्र आलं. वरवंट्याच्या वेळी मात्र घोळ झाला. पाटा आधीच टॅक्सीने गेला होता, वरवंटा ती पिशवीत घेऊन निघाली, आणि सामान तपासायच्या यंत्रात तो असा काही दिसला की रक्षकाने विचारलं, “मॅडम, ये क्या है?” तिने सांगितलं. “किसको देना है?” “एक्स हजबंड को.” वरवंटा आजही घाटकोपरलाच आहे.

वस्तूंचं एक वेळ निभतं. देवांचं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. आमच्यात नवरी गौरीहरापाशी अन्नपूर्णा पुजते आणि तीच घेऊन सासरी जाते, बाळकृष्णही माहेरचाच. लग्नानंतर पहिली काही वर्षं आम्ही बोरिवलीला होतो, त्यामुळे माझे दोन्ही देव तिकडच्या देवघरात, त्यांच्या टाकांच्या शेजारी बसले, आणि मुलुंडला घर घेतलं तेव्हाही तिथेच राहिले. कागदांत वकीलबाईंनी लिहिलं होतं, उभयतांस अपत्य नसल्याने ताब्याचा व भेटीचा प्रश्न उद्भवत नाही. त्यांना बाळकृष्ण माहीत नव्हता.

“अन्नपूर्णा तुझी, ती ने,” सासूबाई फोनवर म्हणाल्या. “बाळकृष्णाला इतकी वर्षं मी लोणी दाखवतेय. त्याला काय कळणार कोण कुठे गेलं ते? राहू दे की.” माझी आई म्हणाली, “जोडी फोडायची नसते.” हे वाक्य तिने माझ्या आणि त्याच्या बाबतीत एकदाही उच्चारलं नव्हतं. मग मधला मार्ग म्हणून गोकुळाष्टमी बोरिवलीला आणि दिवाळी मुलुंडला असा प्रस्ताव आला. चांदीचा तीन इंची देव डबीत घालून घोडबंदरने न्यायचा-आणायचा. दोन्ही आयांना तो मान्य होता. त्याने आणि मी मिळून नाकारला. अखेर आईने मुलुंडच्या सराफाकडून नवा बाळकृष्ण आणला. अजून ती त्याच्याकडे जरा संशयाने बघते. “हा जरा रागीट दिसतो गं,” म्हणते, “रांगतोय पण मनापासून नाही.”

मंगळसूत्राचंही तेच. दोन वाट्या: एक माहेरची, एक सासरची. कायद्याने अख्खं माझं, पण आईला सासरची वाटी ठेवून घ्यायची नव्हती. सोनाराने भिंग लावून दोन्ही पाहिल्या आणि विचारलं, “यातली कुठली कोणाची?” कोणालाच सांगता आलं नाही.

सासूबाईंच्या लिंबाच्या लोणच्याची एक बरणी फडताळात राहिली होती. मघाच्याच करार कायद्यात १६९ वं कलम आहे: सापडलेली वस्तू नासण्याच्या बेतात असेल, मालक शोधूनही मिळत नसेल, तर सापडणाऱ्याला ती विकता येते. पण लिंबाचं लोणचं जितकं जुनं तितकं चांगलं, आणि मालकीण दर रविवारी फोन करून “भात-बित जेवतेस ना?” विचारते. कलमात बसत नाही. तापात तोंडाला चव आणतं म्हणून मी ते ठेवलं आणि निरोगी असतानाच संपवलं.

कपड्यांचा प्रश्न बोहारणीने सोडवला. सोसायटीच्या आवारात तिला मज्जाव आहे, पण वॉचमन जेवायला गेला की ती येते. तिच्यापुढे मी त्याच्या पँटी, शर्ट, लग्नातला सूट असं सगळं टाकलं. तिने सुटाचं कापड चिमटीत धरून पाहिलं. “चांगला आहे की. आणि साहेब?” मी म्हटलं, “गेले.” ती चुकचुकली. माझ्या गळ्याकडे बघितलं, कपाळाकडे बघितलं, आणि ज्या ढिगाला एरवी चहाची गाळणी मिळाली असती त्याला तिने झाकणासकट मोठा स्टीलचा डबा काढून दिला. डबा आत ठेवून आल्यावर मी म्हटलं, “बोरिवलीला.” पण तोवर ती जिना उतरली होती. तो डबा मला फार आवडतो. माझ्या स्वयंपाकघरातलं, ज्यावर कोणाचंही नाव नाही, असं ते पहिलं भांडं.

दिवाळी अंकांना मात्र बोहारीण हातही लावत नाही. ‘मौज’, ‘आवाज’, सगळे क्रमाने लावलेले. वाचनालयांना नको असतात, रद्दीवाला वजन करताना लाजतो. ‘आवाज’च्या खिडक्या मात्र सगळ्या उघडून झालेल्या. त्याच सुमारास मी क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एका संग्रहालयाबद्दल वाचलं. ओलिंका विश्तित्सा आणि द्राझेन ग्रुबिशिच या जोडप्याची ताटातूट झाली. उरलेल्या वस्तूंचं काय करायचं यातून त्यांनी तुटलेल्या नात्यांचं संग्रहालयच काढलं. २००६ पासून फिरतं प्रदर्शन, २०१० पासून कायमची जागा. जगभरातून लोक वस्तू पाठवतात, सोबत आपली हकिकत, नाव न घालता. तिथे बर्लिनहून आलेली एक कुऱ्हाड आहे: सोडून गेलेल्या जोडीदाराचं मागे राहिलेलं फर्निचर त्या बाईने त्या कुऱ्हाडीने रोज थोडं थोडं फोडलं होतं. मी हे आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, “आपल्याकडे दोन ते चार आवाज करायला बंदी आहे.” मग जरा थांबून, “आणि नाव न घालता देतात? मग परतफेड कशी करतात?”

अखेर एका दिवाळीला पझेशन मिळालं. तो छोटा हत्ती घेऊन आला, बरोबर सासूबाई. माझी आई ‘सहज’ आलेली होतीच. खाली वॉचमनने सामान हलवायचा फॉर्म पुढे केला. त्यात दोन चौकोन: मालक आणि भाडेकरू. तो यांपैकी कोणीच नव्हता. वॉचमनने बराच विचार केला आणि लिहिलं ‘गेस्ट’.

कपाट लिफ्टमध्ये मावेना. गोदरेजने १८९७ साली कुलपांपासून सुरुवात केली आणि १९२३ पासून पोलादी कपाटं केली, ती उचलायची असतात असं त्यांना कधी वाटलं नसावं. गिरगावच्या चाळीतून बोरिवली, बोरिवलीहून मुलुंड असा त्याचा प्रवास झालेला. विक्रोळीला, जिथे कंपनीचा कारखाना, तिथून मुलुंड चार स्टेशनं. पण हे गिरगाव फिरून आलेलं. चार हमाल ते जिन्यावरून खाली नेत होते, आणि प्रत्येक वळणावर ‘तिरका, तिरका’ असा घोष. आतल्या चोरकप्प्याची किल्ली कित्येक वर्षं सापडलेली नाही. आत काहीतरी खुळखुळत होतं. ते कोणाचं, हा प्रश्न कोणीही काढला नाही. एवढा शहाणपणा आम्हाला घटस्फोटाने दिला.

दरम्यान स्वयंपाकघरात दोन विहिणी जमिनीवर बसकण मारून भांडी वाचत होत्या. “ही आमच्या वन्संची.” “हे आमच्या बँकेचं.” “हा तांब्या बघा, हे तर वारलेसुद्धा.” दोघींनी मिळून तीन माणसांबद्दल हळहळ व्यक्त केली आणि एकाबद्दल, दिलेला कुकर पाहता, समाधान. इतक्या प्रेमाने त्या लग्नातही बोलल्या नव्हत्या. मग एक मोठं पातेलं निघालं. घासून घासून नाव गेलं होतं. उरलं होतं फक्त ‘यांजकडून सप्रेम भेट’.

“हे तुमच्याकडचं असेल,” आई म्हणाली.

“छे हो. आमच्याकडचं असतं तर नाव एवढ्यात गेलं नसतं. आम्ही खोल घालून घेतो.”

“म्हणजे आमच्याकडचे वरवरचं घालतात?”

“तसं मी कुठे म्हटलं, विहीणबाई? पातेलं चांगलं जड आहे. ठेवून घ्या तुम्ही.”

“नको, तुम्हीच न्या. आम्हाला कोणाचं उगीच ठेवून घ्यायची सवय नाही.”

तो आणि मी मुकाट्याने खाली उतरलो. छोटा हत्तीवाला हॉर्न देत होता. वेटिंगचे पैसे चढले होते, आणि अजून पातेल्याचा निकाल लागायचा होता. “किती झाले?” त्याने विचारलं, फोन काढला, कोड स्कॅन केला, आणि पैसे देऊन टाकले. माझ्या पर्समध्ये मोबाइल वाजला. बँकेचा मेसेज: खात्यातून इतके रुपये वजा.

मी मेसेज त्याच्यापुढे धरला. त्याने तो दोनदा वाचला.

“हे खातं राहिलंच की गं,” तो म्हणाला. “सोमवारी बघू.”